पेन्शन किती बसली, सर?

रत्नागिरी स्टँडवर देवरुख गाडीची वाट बघत होतो. बाकावर आमच्या कॉलेजातले सर, नुकताच निरोप समारंभ झालेला. शेजारच्या काकांनी सहज विचारलं, "मग सर, पेन्शन किती बसली?"

सर हसले. "काका, मी तासिकेवरचा. शिकवलेल्या तासांचे पैसे मिळाले की विषय संपला."

काकांना पटेना. "अहो, माझ्या मोठ्याला शिकवलंत, धाकटीलाही!"

सरांच्या पिशवीत नेमणूकपत्रांची फाईल होती. दरवर्षी नवं पत्र, परीक्षेपर्यंतचं. मे महिन्यात पगार नाही, मग आंब्याच्या पेट्या भरायला जायचे. ग्रॅच्युइटीचा (नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा) १९७२ चा कायदा २००९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षकांनाही लागू होता, २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी संहिता आली; पण त्या कायद्याला सलग ५ वर्षांची सेवा लागायची. दर उन्हाळ्यात तुटणारी नोकरी सलग कशी दाखवायची? १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या कायम प्राध्यापकांचीही जुनी पेन्शन गेलीच म्हणा, पण त्यांच्या नावावर निदान नव्या पेन्शनचं खातं तरी आहे.

सरांना निरोपाला शाल आणि नारळ मिळाला. (नारळ! त्यांच्या परड्यात माडच माड आहेत.)

फाईल घेऊन ते वकिलाकडे निघाले होते. तुमच्याकडे तासिकेवरचं कुणी असं भांडलंय का? हाती काही लागलं?