ब्लॅकपूलला मिठाचे वेगळे पैसे पडायचे

मागच्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं मुलाकडे मँचेस्टरला होतो. एका शनिवारी तो म्हणाला, आई चल, तुला ब्लॅकपूल दाखवतो, इथलं समुद्रकाठचं जुनं सुट्टीचं गाव. त्यावर सून म्हणाली, अहो तिकडे काय आहे आता, सगळं जुनं झालंय, त्यापेक्षा लेक डिस्ट्रिक्टला जाऊ. जुनं झालंय म्हटल्यावर तर मला जास्तच जावंसं वाटलं, बडोद्यात दांडिया बाजारात जन्म गेलेल्या बाईला जुन्याचं काय भय!

पोचलो तेव्हा ओहोटी होती. आपल्याकडे गुजरातच्या किनाऱ्यावर कावी-कंबोईला कशी असते तशीच, पाणी लांब कुठेतरी रेघेसारखं. आणि भरती आली की वाळूच गायब, लाटा थेट किनाऱ्याच्या पायऱ्यांवर आपटतात. रंगही आपल्या खंभातच्या आखातासारखाच गढूळ, दूध कमी पडलेल्या चहासारखा. ह्यांनी दोन स्वेटर आणि वर मफलर घातलेला, समोर गोरी पोरं अर्ध्या चड्डीत आइस्क्रीम खात होती. मी बाकावर बसून भाखरवडीचा डबा उघडला न उघडला तोच एक सीगल आला आणि हातातली भाखरवडी घेऊन गेला. इथून एवढी सांभाळून नेलेली भाखरवडी हो!

टॉवर मात्र बघण्यासारखा आहे. पॅरिसचा आयफेल टॉवर बघून तिथल्या मेयरना वाटलं आपल्याकडे पण पाहिजे, म्हणून १८९४ साली हा ५१८ फुटांचा उभा केला. वर काचेची जमीन आहे, त्यावर उभं राहिलं की पायाखाली सरळ रस्ता दिसतो, हे उभे राहिले नाहीत, गुडघ्याचं कारण सांगितलं. खाली टॉवरच्या चार पायांच्या मधे सर्कस आहे, शेवटी रिंगणाची जमीन खाली जाते आणि तिथे पाणी भरतं, एवढ्या जुन्या यंत्रावर! पण मी रमले ती बॉलरूममध्ये. १९५६ ला ही आगीत जळली होती, ती परत जशीच्या तशी केली. दुपारी स्टेजमधून ऑर्गन वर येतो, कोणीतरी वाजवतं, आणि सत्तरी-ऐंशीची जोडपी हात धरून नाचत असतात, कोणाला बघायला नाही, स्वतःसाठी. तासभर बसलो, चहा पण घेतला, मुलगा सारखा घड्याळ बघत होता.

आता हे सगळं कोणासाठी बांधलं होतं ते मला मुलाच्या शेजारच्या आजींनी सांगितलं. त्या बोल्टनच्या, आईवडील दोघंही कापडगिरणीत. लँकशायरमध्ये प्रत्येक गावाचा एक आठवडा ठरलेला असायचा, त्या आठवड्यात सगळ्या गिरण्या बंद. आपल्याकडे दिवाळी ते लाभपाचम बाजार बंद आणि सगळे फिरायला जातात ना, अगदी तसं. फक्त तिथे गावागावांचे आठवडे वेगळे, त्यामुळे ब्लॅकपूलला उन्हाळाभर पाळीपाळीने गर्दी. सुट्टी पूर्वी बिनपगारी असायची, पगारी सुट्टीचा कायदा आला १९३८ साली, म्हणून त्याआधी लोक वर्षभर भिशी लावून पैसे साठवायचे. रेल्वे १८४६ लाच आली होती, मग काय, अख्खी गल्ली एका गाडीत आणि दरवर्षी त्याच घरमालकीण मावशींच्या खानावळीवजा घरात मुक्काम. आजींच्या आजीच्या काळात तर शिधा आपला न्यायचा, मावशी फक्त शिजवून द्यायच्या आणि खोलीचे पैसे घ्यायच्या. आणि टेबलावर मीठ-मिरपूड ठेवायचे वेगळे पैसे! वर नाश्ता झाला की बाहेर पडायचं, संध्याकाळच्या जेवणापर्यंत घरात यायचं नाही, पाऊस असला तरी. मग लोक जाणार कुठे? पिअरवर म्हणजे समुद्रात घुसलेल्या धक्क्यावर, सर्कशीत, बॉलरूममध्ये. मला वाटतं निम्मं ब्लॅकपूल ह्या मावश्यांच्या शिस्तीवर चाललं असणार.

त्यांना मी सांगितलं की आम्ही सुरतच्या वरचे, तर त्या हसायलाच लागल्या. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली होती, तिकडचा कापूस बंद, तेव्हा ह्या गिरण्यांनी आपल्याकडचा कापूस घेतला. हिंदुस्तानातून आलेल्या कापसाला ते सरसकट ‘सुरत’च म्हणायचे. आखूड धागा, कचरा फार, सारखा तुटायचा, कामगार इतके वैतागले होते की सुरत म्हंजे शिवीच झाली होती म्हणे. मी म्हटलं आजी, आता त्या कापसाची नुकसानभरपाई म्हणून ही भाखरवडी घ्या. घेतली, आणि तिखट लागली.

मग १९६० नंतर स्पेनला स्वस्तात विमानाने न्यायच्या टुरा निघाल्या, तिकडे ऊन पक्कं, इकडे पावसाचा भरवसा नाही. गिरण्या पण बंद पडत गेल्या. लोक यायचे थांबले असं नाही, आठवडाभर राहायचे थांबले, सकाळी येऊन रात्री परत.

पण एक आहे, ब्लॅकपूलवाल्यांनी मोडीत काढलं कमी. विजेची ट्राम १८८५ पासून आहे, बाकीच्या गावांनी रूळ उखडले (मुंबईने १९६४ ला), ह्यांनी समुद्रकाठची तेवढी ठेवली आणि २०१२ ला नव्या गाड्या आणल्या. टॉवर आणि विंटर गार्डन्स (नाटक-नाचाची मोठी इमारत) खाजगी मालकाकडे होते ते २०१० मध्ये म्युनिसिपालिटीने विकत घेतले, २०२४ मध्ये ह्याच करमणुकीच्या धंद्याचं म्युझियम उघडलं. रोषणाईची गंमत तर वेगळीच. आपली बडोद्याची कमाटीबाग १८७९ ची, त्याच वर्षी तिथे समुद्रकाठी विजेचे आठ दिवे लावले आणि लोक ते बघायला लोटले. आता दहा किलोमीटर रोषणाई असते, उन्हाळा संपला तरी लोक यावेत म्हणून. आम्ही ट्राममधून बघितली, नवरात्रात रावपुऱ्यात फिरल्यासारखं वाटलं, फक्त गरबा नाही आणि दात वाजत होते.

दुपारी मात्र आम्ही चुकून मागच्या गल्लीत शिरलो होतो. समुद्राकडून दोनच गल्ल्या आत. ओळीने ती मावश्यांची घरं, तीन तीन मजली, पुढे काचेच्या फुगीर खिडक्या, पण एकाच दाराला सात-आठ बेल, खिडकीला पडद्याच्या जागी चादर, दारात फाटकी गादी. मुलगा म्हणाला खोल्या रिकाम्या राहिल्या मग मालकांनी त्यांचे बारके फ्लॅट पाडून भाड्याने दिले, कुठून कुठून गरीब लोक येऊन राहिले, भाडं पुष्कळदा सरकारी मदतीतून. २०१९ च्या सरकारी यादीत इंग्लंडमधल्या सगळ्यात वंचित दहा वस्त्यांपैकी आठ एकट्या ब्लॅकपूलमधल्या होत्या. मी परत एकदा टॉवरकडे बघितलं, तिथून तो अगदी जवळ दिसतो. टॉवरला रंग देणं सोपं, तो एकच आहे. ह्या हजारो खोल्यांचं काय करायचं? आपल्याकडे तळ्याभोवती दिवे लावतात आणि मागच्या वाड्यांत पावसाळ्यात बादल्या ठेवाव्या लागतात, ते मला माहीत आहे म्हणून बहुतेक जास्त लागलं.

रात्री परत जायचं होतं, मी म्हटलं नाही, इथेच राहू, एखाद्या मावशीकडे. सुनेने फोनवर शोधलं, एक खरंच मिळाली, ऑक्टोबर असल्यामुळे खोली रिकामी, जिने इतके अरुंद की बॅग आडवी करून न्यावी लागली. सकाळी अंडी, टोस्ट, आणि टेबलावर मीठ-मिरपुडीच्या दोन बाटल्या. ह्यांनी मीठ उचललं, मग थांबले आणि मला हळूच मराठीत विचारलं, ह्याचे लावत नाहीत ना गं आता?