पश्चात्ताप इतका गोड कसा?

चित्रं बघण्याच्या वर्गात अठराव्या शतकातला इटालियन चित्रकार पोम्पेओ बातोनी याची ‘पश्चात्तापी मग्दालीया’ पडद्यावर आली की कुणीतरी विचारतंच, ‘‘सर, ही पश्चात्ताप करतेय, की दुपारी कादंबरी घेऊन पडलीय?’’ तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर.

शंका रास्त आहे. येशूची शिष्या आणि परंपरेनं पश्चात्ताप झालेली वेश्या मानलेली संत मग्दालीया मरिया गुहेत आडवी पडून वाचतेय. सोनेरी केस मोकळे, वस्त्र खांद्यावरून घसरलेलं, बोटं एकमेकांत गुंफलेली. ग्रंथाला टेकू आहे तो माणसाच्या कवटीचा! पण कांती बघा, दुधावरच्या सायीसारखी. डोळे सुजलेले नाहीत, गाल बसलेले नाहीत. कवटी झाकली तर प्रायश्चित्ताचा वासही येऊ नये. बातोनी लुक्का गावच्या सोनाराचा मुलगा; हातात ती सफाई आलेलीच. हे चित्र १७४२च्या सुमाराचं, म्हणजे रोकोको या नाजूक, नटव्या कलाशैलीच्या ऐन काळातलं.

याउलट इटालियन शिल्पकार दोनातेल्लोची लाकडी मग्दालीया. पंधराव्या शतकातली ही मूर्ती आज फ्लॉरेन्सला आहे. हाडांचा सापळा, दात पडलेले, अंगभर केसांच्या जटा. तिच्यापुढे हसू येत नाही.

मग मधल्या काळात झालं काय? प्रोटेस्टंटांनी पापकबुलीच्या संस्कारावर घाव घातला आणि कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेनं (१५४५–६३) तो संस्कार ठासून मांडला. त्यानंतर कॅथलिक चित्रांत रडणारे संत पीटर, छाती बडवणारे संत जेरोम आणि मग्दालीया यांची रीघ लागली. बातोनीपर्यंत त्या भांडणाची धग ओसरली होती. असली चित्रं राजेरजवाड्यांच्या दालनांतही जाऊ लागली होती, आणि संताचं नाव लावलं की उघडा खांदा भिंतीवर टांगायला कुणाची हरकत नसे. हे मी सौम्य शब्दांत सांगतोय.

पण सगळी लबाडीच होती असं मला वाटत नाही. दोनातेल्लोची बाई अजून स्वतःला शिक्षा करतेय. बातोनीची क्षमा मिळाल्यानंतरची आहे. मोकळं झालेलं मन निवांत असू शकतं, हे रोकोकोला दिसलं आणि तेवढं मला पटतं.

खरं तर विचारायला हवं ते वेगळंच: पश्चात्ताप कशाचा? शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, मग्दालीयेला कुठेही वेश्या म्हटलेलं नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातली पापी स्त्री निनावी आहे. पोप ग्रेगरी पहिला यानं ५९१ साली एका प्रवचनात या दोघींना, वर बेथानी गावच्या मरिया नावाच्या तिसऱ्याच बाईलाही, एकच ठरवलं. रोमनं, म्हणजे कॅथलिक चर्चनं, संतांच्या सणांच्या कॅलेंडरात ही गल्लत निस्तरली ती १९६९मध्ये. पुनरुत्थित येशू जिला दिसला, तिच्या हाती चित्रकारांनी शतकानुशतकं कवटी दिली.

बातोनीचं मूळ चित्र जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संग्रहालयात होतं, ते दुसऱ्या महायुद्धात नष्ट झालं. उरल्या त्या जुन्या छायाचित्रांतल्या प्रतिमा आणि असंख्य नकला. काही तर पोर्सिलेनवर रंगवलेल्या. त्यामुळे वर्गात मी तिच्या रंगांबद्दल फार बोलत नाही. ते नकलेगणिक बदलतात.