गल्लीतल्या गणपतीत 'डबल डेअर' घेतला त्याची गोष्ट (माझा अनुभव)

आमच्या बेळगावच्या वडगावात दिवसभर कापड विणायच्या मागांचा खडखडाट, त्यात गणपतीचे अकरा दिवस स्पीकर, त्यामुळे पोरांसाठी काही ठेवायचं म्हंटलं की दरवर्षी तेच, संगीत खुर्ची नाहीतर लिंबू चमचा. यंदा मंडळाच्या मीटिंगमध्ये मीच तोंड उघडलं आणि मग ते माझ्याच गळ्यात पडलं.

झालं असं की मी यूट्यूबवर 'डबल डेअर' बघितलेला. अमेरिकेतला निकेलोडियनचा जुना शो, 1986 ला सुरू झालेला. दोन टीम, प्रश्न विचारायचा, येत नसेल तर समोरच्यांना 'डेअर' द्यायचं, मग बक्षीस दुप्पट. त्यांना पण नको असेल तर ते 'डबल डेअर' म्हणून परत तुमच्याकडं ढकलणार, चौपट. आता मात्र एकतर उत्तर द्या नाहीतर फिजिकल चॅलेंज घ्या, म्हणजे डोक्यावर काहीतरी चिकट ओतून घेत, घसरत, वीस-तीस सेकंदांत काहीतरी करून दाखवायचं. शेवटी आठ अडथळ्यांची रेस, वेळ साठ सेकंद, प्रत्येक अडथळ्यात एक झेंडी शोधायची, एक अडथळा तर चक्क भलंमोठं नाक, त्यात हात घालून झेंडी काढायची. पोरं वेडी होणार हे मला तिथंच कळलं. आणि गंमत म्हणजे एवढ्या घाणीत उभा राहून कार्यक्रम चालवणारा मार्क समर्स, त्याला स्वतःला ओसीडी, स्वच्छतेचं वेड. त्यानं नंतर स्वतःच जाहीर सांगितलं. म्हणजे तो माणूस रोज कसा उभा राहत असेल बघा.

परवानगी वगैरे लगेच मिळाली, ते सोडा. अडलं कुठं, तर ओतायचं काय. त्या शोमध्ये पुडिंग, क्रीम, असलं सगळं बिनधास्त ओततात. मी घरात सहज म्हंटलं की ताक-बेसन कालवूया, तर आजी निवडायचं ताट बाजूला ठेवून माझ्याकडं बघतच राहिली. "खायचं अन्न पायाखाली घेणार तुम्ही? गणपतीसमोर?" यावर काय बोलणार. बेसन रद्द. मग एकानं गुळाचं पाणी सुचवलं, ते थोडं करून परातीत ठेवलं, अर्ध्या तासात मुंग्यांची अशी रांग लागली की नाव काढू नका.

मग मंडळाचीच पोरं म्हणाली, खळ! पोस्टर चिकटवायला दरवर्षी आम्हीच मैद्याची खळ शिजवतो की. आजी त्याला पण नाक मुरडली, पण खळ खायची वस्तू नाही म्हणून चालवून घेतलं. आणि नशीब म्हणजे मांडवामागं अर्धी बादली खळ शिल्लक होती, रंग पण कसला भारी, हिरवट निळा, अगदी टीव्हीतल्यासारखा. मी तर खूश. तेवढ्यात मांडवाचे बांबू बांधणारे काका आले, बादलीत डोकावले आणि ओरडले, "काय करूलालाय रे? मोरचूद आहे त्यात! कीड लागू नये म्हणून मीच घातलोय." मोरचूद म्हणजे विषच की, पोरांच्या डोळ्या-तोंडात जाणार होतं ते. माझ्या पायातलं बळच गेलं. तेव्हा कोणी असलं काही करणार असाल तर तयार खळ कधी घेऊ नका, कितीही चांगली दिसली तरी.

शेवटी नवीन शिजवली. पाच किलो मैदा, थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग उकळत्या पाण्यात सोडत हलवत राहायचं, हात दुखून येतो. खायचा हिरवा रंग. आम्ही शहाणपणा करून आदल्या रात्री करून ठेवली, सकाळी बघतोय तर वर जाड साय धरलेली, आंबट वास, आणि आत खरवसासारखी थिजलेली. सगळी ओतून दिली आणि दुपारी परत पाच किलो. खजिनदारानं मैद्याची दोन बिलं बघून मला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही.

संध्याकाळी ताडपत्री घातली, वर पावसाची भुरभुर. टबात खळ, आत मागाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या कांड्या टाकलेल्या, पिवळ्या तेवढ्या शोधून काढायच्या. प्रश्न मी मराठीत विचारायचो, मित्र कन्नडमध्ये, कारण गल्लीत अर्धी पोरं कन्नड शाळेतली. पहिला प्रश्न, 1924 साली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं त्याचे अध्यक्ष कोण? दोन्हीकडून एकदम "गांधीजी!" वा म्हंटलं, जमलं.

कसलं जमतंय. एकदा एक पोरगा टबात पडून हिरवा होऊन बाहेर आला आणि नंतर कोणी प्रश्नच ऐकेना. मी तोंड उघडायच्या आधी "डेअर!", समोरून "डबल डेअर!", आणि सगळी मिळून "चॅलेंज, चॅलेंज!" पॉइंटची कोणाला पडलीय. मी विचारलं मलप्रभा कुठं उगम पावते, तर शेजारची चौथीतली पोरगी, हिचं आजोळ कणकुंबीचं, दर मे महिन्यात तिथं जाते, ती माझ्याकडं बघून सरळ म्हणते, "येत नाही." मी म्हंटलं, अगं तुला येतंय की. तर म्हणे, "येतंय. पण सांगणार नाही."

मला हसू पण येईना. प्रश्नांची दोन पानं हातात तशीच. मग तिथंच नियम बदलला, बरोबर उत्तर देईल त्यानं समोरच्या टीमच्या कॅप्टनवर तांब्याभर खळ ओतायची. झालं, एकदम शांतता, कान देऊन ऐकायला लागली. "कणकुंबी!" ती पोरगी माझं वाक्य संपायच्या आत ओरडली आणि स्वतःच्याच मोठ्या भावावर सावकाश, मजा घेत, तांब्या रिकामा केली. मागं बसलेल्या एक आज्जी म्हणाल्या, "भाळ छलो ऐति," म्हणजे लई भारी आहे, आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

शेवटच्या रेसमध्ये आठ अडथळे नाही जमले, पाचच केले. मोठं नाक थर्माकोलचं केलं होतं, दुसऱ्याच टीमला मोडलं. साठ सेकंदांत कोणीच पुरं केलं नाही, तरी सगळ्यांना कंपास बॉक्स दिले.

दुसऱ्या दिवशी गटार तुंबलं. खळ वाळून दगडासारखी झालेली, मी आणि अजून दोघं उलथनं घेऊन तीन तास खरवडत बसलो होतो. आजी दारातून म्हणाली, "पुढच्या वर्षी लिंबू चमचा घ्या." तोवर ती कणकुंबीवाली येऊन उभी, मला विचारते, पुढच्या वर्षीचे प्रश्न आत्ताच सांगणार काय, ती पाठ करणार आहे, भावाला अजून दोनदा भिजवायचं आहे म्हणे.