तुम्ही विचारलंत म्हणून: पायचा ताळा

“सर, एवढे आकडे काढून करायचं काय जी?” नागपुरात मी ज्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो, तेथे हा प्रश्न विद्यार्थी विचारतात, त्यांचे पालकही विचारतात. २०२२ मध्ये गूगलमधील एमा हारुका इवाओ यांनी गूगलच्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या संगणकांवर, पायचे (π, म्हणजे वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागून येणाऱ्या संख्येचे) १०० लाख कोटी अंक काढले, तेव्हा तर तो आठवडाभर ऐकू येत होता. ते गणित सुमारे १५८ दिवस चालले. एकावर चौदा शून्ये असलेल्या या संख्येला भास्कराचार्यांच्या संख्यानामांत जलधि म्हणतात, आणि मला ते नाव फार समर्पक वाटते.

प्रश्न रास्त आहे. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीला अवकाशयानांचे मार्ग आखताना दशांशचिन्हापुढचे १५ अंक पुरतात, त्यामुळे पुढचे अंक कोणाच्या थेट कामाला येतील असा दावा मी करणार नाही. मला या विक्रमांचे मोल वाटते ते त्यांच्या ताळ्यामुळे.

इंग्लंडमधील विल्यम शँक्स यांनी हाताने गणित करून १८७३ मध्ये ७०७ अंकांपर्यंत मजल मारली. ५२८व्या अंकावर चूक होती आणि तिच्यामुळे पुढचे सगळेच अंक वाया गेले होते, पण डी. एफ. फर्ग्युसन यांनी १९४० च्या दशकात वेगळ्या सूत्राने तेच गणित करेपर्यंत, म्हणजे सत्तरहून अधिक वर्षे, ती कोणाच्याही लक्षात आली नाही.

आज हे काम बहुधा चुड्नोव्हस्की बंधूंच्या सूत्राने होते. रामानुजन यांनी १९१४ मध्ये दिलेल्या सूत्रांच्या कुळातले हे सूत्र म्हणजे एक लांबत जाणारी बेरीज असून तिच्या प्रत्येक पदाला सुमारे १४ नवे अंक मिळतात, मात्र खरे कष्ट पडतात ते अब्जावधी अंकी संख्यांच्या गुणाकारांत, आणि त्यांपैकी एका गुणाकारात एक बिट (संगणकातला ० किंवा १) जरी उलटला तरी पुढचे सारे बिघडते. म्हणून अलेक्झांडर यी यांचा वाय-क्रंचर हा प्रोग्राम वाटेतच ताळा घेत जातो: शाळेत आपण नऊने ताळा पाहतो, तसा तो एका मोठ्या मूळसंख्येने भागून उरणारी बाकी जुळते का ते पाहतो. अखेरीस १९९५ मध्ये सापडलेल्या, आधीचे अंक न काढता दूरचा अंक देणाऱ्या एका सूत्राने दहाऐवजी सोळा हा आधार धरून लिहिलेल्या उत्तराचे शेवटचे अंक स्वतंत्रपणे पडताळतात.

इतका कडक ताळा घेतला की यंत्राचे दोषही उघडे पडतात. १९८६ मध्ये डेव्हिड बेली यांनी क्रे-२ या महासंगणकावर २.९ कोटी अंक काढले, तेव्हा त्याच्या हार्डवेअरमधले दोष असेच हाती लागले होते.

आमच्या प्रयोगशाळेत गेल्या मे महिन्यात हेच घडले. बाहेर पारा पंचेचाळीसवर होता, कूलर चालू होता, आणि विद्यार्थ्यांनी एका संगणकावर २५० कोटी अंकांचे गणित लावले होते. ते मध्येच थांबले आणि पडद्यावर ताळा चुकल्याचा लाल संदेश आला. आम्ही दोष उन्हाळ्याला दिला. पण दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता, गारवा असताना लावलेले गणितही थांबले. मग रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या चालू कामाच्या स्मृतीच्या, दोन स्टिकपैकी एकेक काढून १०० कोटी अंकांचे गणित केले. पहिल्या स्टिकवर ते सुरळीत पार पडले, दुसरीवर दोनदा थांबले. ज्या दुकानातून संगणक घेतला होता, तेथे “विंडोज तर सुरू होते ना” असे उत्तर मिळाले, म्हणून विद्यार्थ्यांनी त्यांच्याच टेबलावर ते गणित पुन्हा चालवून दाखवले आणि स्टिक बदलून घेतली.

तो संगणक सहा महिने एकदाही बंद पडला नव्हता. त्यावर आम्ही अंतर्गत परीक्षांचे गुण भरले होते, त्यांच्या बेरजा केल्या होत्या, आणि त्या बेरजांवर कोणी शंका घेण्याचे कारणच नव्हते. स्टिक बदलल्यावर मी आणि तिघा विद्यार्थ्यांनी मूळ उत्तरपत्रिका काढून सगळ्या बेरजा दुसऱ्या यंत्रावर पुन्हा केल्या. त्याला दोन दिवस लागले. बेरजा जुळल्या, आणि मगच मी त्या यादीवर सही केली.