हुकलेली संख्या यादीत घालून टाका ना!

पुण्यात एका कॉलेजात सीएचबीवर गणित शिकवते, तासाचे पैसे, तेही मिळतील तेव्हा. परवा एसवायच्या वर्गात गणितज्ञ कँटरचं डायगोनल आर्ग्युमेंट (तिरक्या अंकांचा युक्तिवाद) घेतलं, १८९१ चं. ० ते १ मधल्या सगळ्या दशांश संख्यांची यादी केलीय असं धरा, पहिल्या संख्येचा पहिला अंक, दुसरीचा दुसरा, असे तिरके अंक घ्या आणि प्रत्येक बदला. मी फक्त ५ आणि ६ वापरते, अंक ५ असेल तर ६, नाहीतर ५. कारण ०.४९९९… आणि ०.५ ही एकच संख्या, त्यामुळे ० आणि ९ वापरले की पोरं अडकतात, आणि गाईडात हे कोणी सांगतच नाही. अशी बनलेली संख्या यादीतल्या प्रत्येकीपेक्षा निदान एका अंकाने वेगळी, म्हणजे यादीत नाहीच. म्हणजे १, २, ३… असे क्रमांक लावून या सगळ्या संख्या संपतच नाहीत, यांचा अनंत नैसर्गिक संख्यांच्या अनंतापेक्षा मोठा.

दौंडहून शटलने येणारी एक मुलगी उठली. "मॅडम, मग ती हुकलेली संख्या यादीत घालून टाका ना! काल तुम्हीच हिल्बर्टच्या अनंत खोल्यांच्या, भरलेल्या हॉटेलात सगळ्यांना एकेक खोली पुढे सरकवून जागा केली."

बरोबर बोलली! मी म्हटलं घाल, पण नव्या यादीतून परत एक हुकेल. ती म्हणाली, मग तीही घालू, अनंत वेळा घालत राहू. वर्ग हसला, मला मात्र हसणाऱ्यांचाच राग आला, कारण पाठ करणाऱ्यांना हा प्रश्न पडतच नाही. तिलाच फळ्यावर बोलावलं. जुन्या संख्या सम क्रमांकांवर, घातलेल्या सगळ्या विषमवर, असं करून तिनेच एक यादी बनवली, मग स्वतःच खडू तिरका फिरवला आणि थांबली. "परत हुकली."

मग विचारलंन, नैसर्गिक संख्यांपेक्षा मोठा पण या दशांशांपेक्षा लहान असा मधला अनंत असतो का? हिल्बर्टने १९०० मध्ये न सुटलेल्या प्रश्नांच्या आपल्या यादीत पहिला ठेवलेला प्रश्न! गोडेलने दाखवलं की गणिताच्या नेहमीच्या गृहीतकांवरून "मधला नाही" हे खोडता येत नाही, आणि १९६३ मध्ये कोहेनने दाखवलं की ते सिद्धही करता येत नाही.

"पण मॅडम, खरंच आहे का नाही?"

स्टाफरूममध्ये सांगितलं तर एक सर म्हणाले, परीक्षेला येत नाही, सोडा. असं कसं सोडायचं? मला स्वतःला वाटतं की उत्तर असणार, आपली गृहीतकंच कमी पडतायत. पण हे वाटणं तिला गणित म्हणून सांगू का नको, ते अजून ठरत नाहीये.