मोळी सोडावी लागंल

मार्चचा शेवटचा आठवडा. गाळप हंगाम आटोपत आला होता आणि ऊसतोडीच्या टोळ्या परतू लागल्या होत्या. केंद्रप्रमुख म्हणून मी बीड जिल्ह्यात धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या एका तांड्यावर शाळाभेटीला गेलो होतो. पहिली ते चौथी, दोन शिक्षक.

मॅडमचा तिसरी-चौथीचा गणिताचा तास चालू होता. मी मागं बसलो. फळ्यावर ५२ वजा २७. बहुतेकांच्या वहीत २५ होतं. दोनच दिवसांपूर्वी कारखान्यावरून आलेल्या चौथीतल्या एका मुलीनं ३५ लिहिलं होतं. धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून आईबापांनी तिला सोबत नेलं होतं. दिवाळीपासून तिनं शाळा पाहिली नव्हती.

मॅडमनी वहीवर फुली मारली नाही. "कसं केलंस, सांग बरं."

"दोनातून सात जात नाहीत. मग सातातून दोन काढले."

मॅडमनी तिच्यापुढं काड्या ठेवल्या. दहा-दहाचे रबर लावलेले पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. "यातल्या सत्तावीस मला दे." तिनं दोन गठ्ठे दिले, दोन्ही सुट्या काड्या दिल्या आणि थांबली. मागून पोरं ओरडायला लागली, "हातचा घे! हातचा घे!" मॅडमनी हात वर करून त्यांना गप्प केलं आणि वाट पाहिली. बराच वेळ पाहिली. तपासणीला अधिकारी आलेला असताना वर्गात अशी शांतता सोसणं सोपं नसतं. बहुतेक जण उत्तर सांगून मोकळे होतात.

शेवटी मुलगी म्हणाली, "मोळी सोडावी लागंल."

"सोड की."

तिनं रबर काढलं, पाच काड्या मोजून दिल्या, उरलेल्या मोजल्या आणि वहीकडं पाहून आपणच म्हणाली, "इथं दहा जास्त आलेत."

मग मॅडम २५ लिहिणाऱ्या पोरांकडं वळल्या. "तुम्ही हातचा घेतलात ना? तो आला कुठून?" कुणालाच सांगता येईना. एक जण म्हणाला, "शेजारून." शेजारी काय होतं, ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं. तेव्हा मॅडमनी त्याच मुलीला पुढं बोलावलं आणि तिनं सगळ्यांना मोळी सोडून दाखवली.

आमच्या नोंदीच्या हिशेबात ती पोरं प्रगत ठरली असती आणि ही मुलगी अप्रगत. याची मला आजही चीड येते. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं, हे केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं ध्येय २०२१ पासून आम्ही प्रत्येक बैठकीत ऐकतो. पण समजलं की नाही, हे नुसत्या उत्तरावरून कळत नाही. मुलाला विचारावं लागतं, आणि विचारायला वेळ लागतो. तिथं दोन शिक्षकांत चार वर्ग. त्यात ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, मतदार याद्या. रंगवलेल्या भिंती आणि टीव्ही संच मला नको आहेत असं नाही, पण शिक्षकाचा तास आधी वाचला पाहिजे.

शिक्षण हक्क कायद्यानं या मुलीला वयाप्रमाणे चौथीत बसवलं, ते योग्यच झालं. पण त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये वयानुरूप प्रवेश दिलेल्या मुलांना इतरांच्या बरोबरीनं आणण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्क आहे. प्रवेशाची नोंद सगळे करतात, प्रशिक्षणाचं कुणी विचारत नाही. मॅडम रोज परिपाठाआधी अर्धा तास अशा मुलांना घेऊन बसतात. त्यांची एक वही आहे. कोणत्या मुलानं काय चुकवलं आणि का चुकवलं, एवढंच तिच्यात असतं. माझ्या सेवेत एवढं मोलाचं दप्तर मी पाहिलेलं नाही.

पुढच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, मी सादरीकरण ठेवलंच नाही. प्रत्येकानं आपल्या वर्गातली एक चुकलेली वही आणावी, असा निरोप दिला. "अभ्यासक्रम कधी पुरा करायचा, सर?" एका शिक्षकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता, आणि सोपं उत्तर माझ्याकडं नव्हतं. वह्या मात्र सगळ्यांनी आणल्या होत्या. पहिलीच उघडली, तिच्यात ३०५ वजा १२७ बरोबर २२२ होतं. मुलानं हे कसं केलं असेल, यावर आम्ही पाऊण तास बोललो.