गांजाचं व्यसन लागत नाही म्हणे!

हे वाक्य मी स्वतः सहा वर्षं लोकांना ऐकवलंय. दारू वाईट, सिगरेट त्याहून वाईट, गांजा काय, नुसता पाला, शंकराचा प्रसाद वगैरे. आधी शुक्रवारी रूमवर चौघांत एक जॉइंट, मग रोज रात्री जेवल्यावर, मग जेवायच्या आधीच, कारण ओढल्याशिवाय भूकच लागेना, आणि वर्क फ्रॉम होम आल्यावर तर सकाळचा कॉल संपला की थेट गॅलरीत. कामं होत होती, अप्रेझलही बरं झालं, मग आपण काय गर्दुल्ले थोडीच!

मागच्या गणपतीत गावी गेलो, गुहागरकडे. आमचे पाच दिवसांचे. माल नेला नव्हता, घरी कोण नेणार. दुसऱ्या दिवशी पानात उकडीचे मोदक आणि मला एक उतरेना, मी, जो नऊ-दहा सहज हाणतो. रात्री पंखा फुल तरी बनियन घामाने चिंब, झोप नाही, लागलीच तर नको नको ती स्वप्नं. तिसऱ्या दिवशी आरतीत पुतण्याची झांज जरा बेताल वाजली तर मी असा खेकसलो की आरतीच थांबली. वहिनीने त्याला जवळ ओढलं, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ऑफिसचं कारण काढून विसर्जनाआधीच निघालो.

पुण्यात रात्री दोनला पोचलो तर माल देणाऱ्याचा फोन बंद. मग ॲशट्रेतली जुनी थोटकं फोडली, मोबाईलचा टॉर्च लावून सोफ्याखालचा चुरा वेचला, त्यात केस, धूळ, बिस्किटाचे कण, सगळं पेपरमध्ये भरून ओढलं. केस जळाल्याचा वास आला. तरी बरं वाटलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली.

मग डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरबाईंनी किती ओढतोस हे अगदी शेवटी विचारलं. आधी विचारलं, कमी करायचं ठरवून किती वेळा फसलास? त्यापायी काय काय सोडलंस? त्यांच्याकडे व्यसनाच्या ११ खुणांची यादी असते, वर्षभरात त्यातल्या दोन जरी दिसल्या तरी दखल घ्यायची, सहा किंवा त्याहून जास्त झाल्या की गंभीर. माझ्या आठ निघाल्या. आणि गावाला झाला तो व्हायरल ताप नव्हता, गांजा बंद केल्यावर एक ते तीन दिवसांत हा त्रास सुरू होतो, पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतो, दोनेक आठवड्यांत बराच उतरतो, झोपेची घडी बसायला मात्र वेळ लागतो. म्हणजे मी बरोब्बर ऐन भरात पळून आलो होतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम नावाच्या मानसिक आजारांच्या पुस्तकात हा त्रास २०१३ सालीच पहिल्यांदा आला, त्यामुळे आमचं ‘लागत नाही’ त्याआधीचंच असावं.

डॉक्टरकडे जायचा धीर नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे.

सात महिने झाले. झोप अजून अधूनमधून दगा देते. पुतण्याला सॉरी म्हणायचं राहिलंय, तुळशीबागेतून नव्या झांजा आणून ठेवल्यात.